जबानी नव्हे, पंचनामा

आपल्याकडे कुणाचा अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला की दोन कागदांना महत्त्व येते. एक मृत्यूपूर्व जबानी आणि दुसरा पंचनामा. जबानी मरणारा माणूस स्वतः देतो. पंचनामा करणाऱ्यांचा त्या घटनेशी काही संबंध नसावा लागतो. जबानीला कायद्याने मान दिला आहे, पण तिच्याबाबत न्यायालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, की ती देताना माणूस शुद्धीवर होता का?

लिनक्सवर चालणाऱ्या मोठ्या संगणकांच्या बाबतीत या दोन कागदांवरून बराच काळ खल चालला, आणि २००५ साली निकाल पंचनाम्याच्या बाजूने लागला. गेली अनेक वर्षे मी अशा संगणकांच्या देखभालीचे काम करतो. बंद पडलेल्या यंत्राचा पंचनामा करायला निघालेले पंचच वाटेत का कोसळतात, हे शोधणे हा त्या कामाचा एक भाग. विषय तांत्रिक आहे, पण त्यातला प्रश्न तांत्रिक नाही. पुरावा मिळाला नाही की दोष कुणाच्या तरी माथी मारला जातो, आणि बहुधा तो सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या माथी जातो.

घरमालकाचे डोके फिरते तेव्हा

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिची सुरुवात केली. आज बँका, रेल्वे, दवाखाने यांच्या कपाटांत बसलेले असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तीच आहे. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. लष्करातला कर्नल वेगळा. हा कोयीच्या आतला गर. स्मृती कुणाला किती द्यायची, डिस्कवर काय लिहायचे, प्रोसेसर कुणाच्या वाट्याला किती वेळ यायचा, हे सगळे कर्नेल ठरवते. बाकीचे कार्यक्रम त्याच्या घरचे भाडेकरू. एखाद्या भाडेकरूने गोंधळ घातला तर मालक त्याला बाहेर काढतो आणि वाडा चालू राहतो. मालकाचेच डोके फिरले तर मात्र त्याला बाहेर काढणारा कोणी नसतो.

अशा वेळी कर्नेल स्वतःला थांबवते. या थांबण्याला पॅनिक म्हणतात. शब्द युनिक्सच्या काळातला. मल्टिक्स या मोठ्या प्रणालीवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी त्याची हकिगत नोंदवून ठेवली आहे. मल्टिक्ससाठी आपण लिहितो त्यातला निम्मा भाग चुका सावरण्यासाठीच असतो, असे ते युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांना म्हणाले. त्यावर रिची यांनी सांगितले, की तो भाग आम्ही घेतलाच नाही. चूक झाली की पॅनिक नावाचा तुकडा यंत्र बंद पाडतो आणि आम्ही कुणाला तरी हाक मारून ते पुन्हा सुरू करायला सांगतो.

हा आळस वाटेल, पण त्यात शहाणपण आहे. लिनक्सचे पॅनिक पडद्यावर उमटते तेव्हा त्या ओळीत 'नॉट सिंकिंग' असे दोन शब्द असतात. स्मृतीत साठलेला, अजून डिस्कवर न गेलेला मजकूर आता मी डिस्कवर उतरवणार नाही, असा त्यांचा अर्थ. कारण तो मजकूर बरोबर आहे की बिघडलेला, हे कर्नेलला स्वतःलाच ठाऊक नसते. ज्याचे भान गेले आहे त्या कारकुनाच्या हाती खतावणी द्यायची नसते, एवढाच त्याचा मथितार्थ.

शुद्धीवर नसलेल्याची जबानी

यंत्र थांबले, पुन्हा सुरू केले, काम चालू झाले. पण ते थांबले का, हे कळायचे तर थांबण्याच्या क्षणी स्मृतीत काय होते ते पाहावे लागते. ट्रान्झिस्टरच्या स्मृतीआधी संगणकात चुंबकीय कड्यांची स्मृती असे. दोऱ्यात मणी ओवावेत तशा बारीक तारांत ओवलेल्या कड्या, आणि एका कडीत एक बिट. या कड्यांना कोर म्हणत. कोरमधले सगळे कागदावर उतरवून काढणे म्हणजे कोर डंप. कड्या गेल्या, शब्द राहिला.

आजची स्मृती कड्यांसारखी नाही. वीज गेली की ती पुसली जाते आणि यंत्र नव्याने सुरू होताना तिच्यावर नवे लिहिले जाते. त्यामुळे पॅनिक आणि पुन्हा सुरू होणे यांमधल्या फटीतच स्मृतीची प्रत काढावी लागते. ती काढायची कुणी?

सुरुवातीचे उत्तर सरळ होते: मरणाऱ्या कर्नेलनेच काढायची. एसजीआय कंपनीत सुरू झालेला एक प्रकल्प याच वाटेने गेला. नेटवर्कवरून किंवा डिस्कवर प्रत पाठवणाऱ्या इतर रीतीही निघाल्या. अडचण सगळ्यांची एकच. ज्या कर्नेलने 'माझ्यावर विश्वास ठेवू नका' असे जाहीर केले, त्याच्याच हातून डिस्कवर लिहून घ्यायचे. स्मृतीचा हिशेब बिघडलेला असेल तर प्रत डिस्कच्या भलत्याच भागावर लिहिली जाऊन चांगला विदा नष्ट होण्याचा धोका. २००२ साली टोरवाल्ड्स यांनी तो प्रकल्प मुख्य लिनक्समध्ये घ्यायला नकार दिला.

तोडगा निघाला तो दुसऱ्या एका सोयीतून. एरिक बीडरमन यांनी केएक्झेक नावाची युक्ती तयार केली होती. चालू कर्नेलने नवे कर्नेल स्मृतीत आणून थेट त्याच्यात उडी घ्यायची. यंत्र मुळापासून सुरू करायचा वेळ वाचतो. स्मृती पुसलीही जात नाही. आयबीएमच्या भारतातल्या गटातले विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लिथीर्था यांनी बीडरमन यांच्यासह या युक्तीवर केडंप उभे केले आणि २००५ साली ओटावा इथल्या लिनक्स परिषदेत त्यावर निबंध मांडला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, २.६.१३ या आवृत्तीत, ते मुख्य लिनक्सचा भाग झाले.

केडंपची कल्पना अशी. यंत्र सुरू होतानाच स्मृतीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायचा. यंत्राच्या आकारानुसार तो साधारण १९२ ते ५१२ मेगाबाइटचा असतो. पहिल्या कर्नेलने रोजच्या कामासाठी तो वापरायचा नाही. त्यात दुसरे, ताजे कर्नेल आणून निजवून ठेवायचे. पॅनिक झाले की पहिल्याने इतर प्रोसेसर थांबवायचे, प्रोसेसरच्या त्या क्षणीच्या नोंदी टिपायच्या आणि दुसऱ्यात उडी घ्यायची. दुसरे कर्नेल आपल्या लहानशा खोलीत जागे होते. बाहेर पसरलेली सगळी जुनी स्मृती त्याला एका मोठ्या फाइलीसारखी दिसते. तिच्यातली रिकामी पाने आणि नको असलेला भाग वगळून ते प्रत काढते, डिस्कवर किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर ठेवते आणि मग यंत्र रीतसर पुन्हा सुरू करते.

मेलेल्याकडून काही लिहून घ्यायचे नाही, त्याच्या घरात फक्त पाहायचे. म्हणूनच मी याला पंचनामा म्हणतो.

पंच कुठवर पोहोचले?

आता मुख्य गोष्ट. पॅनिक होते, यंत्र पुन्हा सुरू होते, सकाळी आपण डंपची जागा उघडतो आणि ती रिकामी असते. अशा वेळी बहुतेक जण दिसेल ती सेटिंग बदलायला लागतात. माझा अनुभव असा, की आधी एकच प्रश्न विचारावा: पंच कुठवर पोहोचले होते? टप्पे मोजके आहेत आणि प्रत्येक टप्प्यावरचे मरण वेगळ्या खुणा ठेवते.

पहिला टप्पा: पंच नेमले होते का? यंत्रात एक छोटी फाइल असते, तिच्यात १ किंवा ० एवढाच आकडा असतो. ० असेल तर दुसरे कर्नेल आणलेलेच नाही. कधी स्मृतीचा तुकडा राखून ठेवायची सूचना दिलेली नसते. कधी दिलेली असते, पण त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू केलेले नसते. हा तुकडा फक्त सुरू होतानाच बाजूला काढता येतो. कधी सुरक्षित बूट चालू असते आणि दुसऱ्या कर्नेलवर मान्य स्वाक्षरी नसल्याने पहिले त्याला आत घेत नाही.

दुसरा टप्पा उडीचा. दोन कर्नेलांच्या मध्ये एक इवलासा कार्यक्रम चालतो. त्याचे नाव पर्गेटरी, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेतले स्वर्गाआधीचे शुद्धीचे ठिकाण. नाव थट्टेने दिले असेल, काम मात्र चोख आहे. निजवून ठेवलेल्या कर्नेलची बेरीज तो पुन्हा करतो आणि आधी नोंदवलेल्या बेरजेशी ताडून पाहतो. जुळली नाही, तर पहिल्याने मरताना राखीव खोलीतही हात घातला असे समजून तो तिथेच थांबतो. पडद्यावर काही येत नाही, यंत्र मुके होते. हे मौन पडद्यावर वाचता येत नाही, म्हणून सीरियल कन्सोल जोडावा लागतो. जुनी, साधी तार. पण पडद्याचा ड्रायव्हर जागा होण्याच्या कितीतरी आधी तिच्यावर अक्षरे उमटतात. ही तार न जोडता केलेली चिकित्सा म्हणजे अंधारातली चाचपणी.

तिसरा टप्पा खोलीच्या आकाराचा. दुसरे कर्नेल जागे होते, ड्रायव्हर आणू लागते आणि जागा संपते. कन्सोलवर स्मृती संपल्याचे आणि एकेक प्रक्रिया मारल्याचे संदेश दिसतात. उपाय दोन: खोली मोठी करणे, किंवा सामान कमी करणे. डंप काढायला ध्वनीचा, चित्राचा ड्रायव्हर लागत नाही. बत्तीस प्रोसेसरही लागत नाहीत, एक पुरतो.

चौथा टप्पा सर्वांत अवघड, कारण इथे मेलेल्याचा हात अजून हलत असतो. रीतसर बंद होताना कर्नेल प्रत्येक उपकरणाला थांबायला सांगते. पॅनिकमध्ये तसा निरोप जात नाही; निरोप देणारेच भानावर नसते. त्यामुळे नेटवर्कचे कार्ड, डिस्कचे कार्ड आपापली अर्धवट कामे चालूच ठेवतात. मागितलेला विदा जुन्या पत्त्यावर आणून टाकतात, न विचारता घंटा वाजवतात. राखीव खोली वेगळी ठेवण्याचे एक कारण हेच, की जुन्या पत्त्यांवर येणारे हे टपाल तिथे पडू नये. पण कार्डाशी नव्याने बोलायची वेळ येते तेव्हा ते जुन्याच संभाषणात अडकलेले असते. दुसऱ्या कर्नेलला 'उपकरणे आधी शून्यावर आण' अशी सूचना देता येते. सगळे ड्रायव्हर ती पाळतातच असे नाही.

पाचवा टप्पा साध्या विसराळूपणाचा. सुरुवातीच्या सामानाची जी पिशवी दुसऱ्या कर्नेलबरोबर बांधून ठेवलेली असते, ती ज्या दिवशी बांधली त्या दिवसाच्या यंत्राची असते. नंतर डिस्क बदलली, कार्ड बदलले, डंप ठेवायच्या यंत्राचा पत्ता बदलला, आणि पिशवी तशीच राहिली. पंच जुन्या पत्त्यावर जाऊन उभे राहतात.

संशयिताच्या वहीत

एका सहकारी बँकेच्या संगणक कक्षातले प्रकरण या टप्प्यांवरून नीट समजेल. मुख्य सर्व्हर महिन्याभरात तीनदा मध्यरात्रीनंतर कोसळला. तिन्ही वेळा डंपची जागा रिकामी. तिन्ही रात्री पाळीवर एकच मुलगा होता आणि तिन्ही वेळा त्याने ठरल्याप्रमाणे बॅकअप सुरू केला होता. व्यवस्थापनाने त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला आणि त्याला रात्रपाळीवरून काढले. मला बोलावले ते फक्त डंप का मिळत नाही एवढे पाहायला.

आकडा १ होता; पंच नेमलेले होते. बसवताना चाचणीही झाली होती आणि त्या दिवशी डंप नीट आला होता, तसा कागद कक्षात होता. चाचणी नेहमीच्या रीतीने केलेली: एका विशिष्ट फाइलीत 'सी' हे अक्षर लिहिले की कर्नेल मुद्दाम कोसळते. आम्ही कन्सोलची तार जोडली आणि ठरवून घेतलेल्या रविवारी तीच चाचणी पुन्हा केली, पण या वेळी बॅकअप चालू असताना. दुसरे कर्नेल उठले आणि स्मृती संपून पडले. मधल्या काळात आणखी एक कार्ड बसवले होते, त्याच्या ड्रायव्हरने खोली भरली होती. खोली १६० वरून २५६ मेगाबाइट केली. पुढच्या फेरीत ते बरेच पुढे गेले आणि डिस्कच्या कार्डापाशी थांबले. ते कार्ड उत्तर देईना. लिहिण्याच्या ऐन मध्यात मालक गेला होता आणि ते जुन्या हुकमाच्या उत्तरातच गुंतले होते. बसवण्याच्या दिवशी यंत्र रिकामे होते, म्हणून हे तेव्हा दिसले नव्हते.

डंप त्या कार्डावरून जाऊ द्यायचा नाही, असे ठरले. तो नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय केली, सामानाची पिशवी नव्याने बांधली, डिस्कच्या कार्डाचा ड्रायव्हर तिच्यातून काढूनच टाकला आणि बॅकअपच्या भारात पुन्हा चाचणी घेतली. डंप आला. बारा दिवसांनी यंत्र खरोखर कोसळले आणि तेव्हाही आला.

त्यात दिसले ते असे. कार्डाला दिलेल्या एका हुकमाची मुदत संपली की ड्रायव्हर त्या हुकमाची स्मृती मोकळी करत होता. त्यानंतर कार्डाचे उत्तर उशिरा आले, तर ड्रायव्हर त्याच मोकळ्या केलेल्या जागेत लिहायला जात होता. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असे. भार जास्त असेल तेव्हाच उत्तराला एवढा उशीर व्हायचा, आणि भार रात्री बॅकअपच्या वेळी असायचा. दोष ड्रायव्हरचा होता. बॅकअपने फक्त तो उघडा पाडला, आणि बॅकअप सुरू करणाऱ्याचा तर त्यात काहीच संबंध नव्हता.

म्हणजे तीन वेळा पंचनामा निसटला, कारण तो संशयिताच्याच वहीत लिहायला सांगितला होता. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली, कोसळणे थांबले. मुलाचा खुलासा निकाली निघाला आणि तो आपल्या पाळीवर परत गेला.

शेजाऱ्याची घाई

आणखी एक मरण सांगायला हवे, कारण ते चांगल्या हेतूने होते. महत्त्वाची यंत्रे जोडीने चालवतात. एक बोलेनासे झाले की दुसरे त्याची जागा घेते. पण पहिले खरोखर गेले आहे की नुसते गप्प आहे, हे दुसऱ्याला कळत नाही. दोघेही एकाच डिस्कवर लिहू लागले तर अनर्थ. म्हणून दुसरे यंत्र आधी पहिल्याची वीज तोडते आणि मगच जागा घेते. पॅनिक झालेले यंत्र शेजाऱ्याला गप्पच दिसते. पंच आत काम करत असतात आणि बाहेरून वीज जाते. डंपची फाइल अर्धवट सापडली, तर संशय आधी इथे घ्यावा. यावर उपाय आहे: दुसरे कर्नेल उठताच शेजाऱ्याला निरोप पाठवते, की मालक गेला आहे, पंचनामा चालू आहे, वीज तोडू नका. यंत्र गोठले तर ते आपोआप सुरू करणारे पहारेकरी घड्याळही याच प्रकारात मोडते. त्याला पुरेसा वेळ नेमून द्यावा लागतो.

चाचणी कशाची?

'सी' लिहून केलेली चाचणी आवश्यक आहे, पण ती शांत मरणाची चाचणी आहे. खरे पॅनिक भारात येते, एखादे उपकरण घंटा वाजवत असताना येते. म्हणून भार ठेवून चाचणी घ्यावी. सर्व्हरच्या देखभाल-चिपमधून प्रोसेसरला टाळता न येणारी हाक पाठवूनही पॅनिक घडवता येते. गोठलेल्या यंत्राचा डंप याच वाटेने काढावा लागतो, तेव्हा हीही वाट चालून पाहावी. कर्नेल बदलले, कार्ड बदलले, डंपचा पत्ता बदलला की पुन्हा चाचणी. आणि आलेला डंप जपून ठेवावा, कारण मेलेल्याच्या घरात सापडणाऱ्या वस्तूंत खातेदारांची माहितीही असू शकते. भाडेकरूंची पाने वगळून प्रत काढता येते. कर्नेलचा दोष शोधायला बहुधा तेवढी पुरते.

या सगळ्या टप्प्यांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. दुसरे कर्नेल ज्या ज्या जागी कोसळते, तिथे ते पहिल्यावर कशासाठी तरी अवलंबून राहिलेले असते: त्याने चालू सोडलेल्या कार्डावर, त्याच्या डिस्कवर, त्याच्या काळात बांधलेल्या पिशवीवर. उधारी जितकी कमी, तितका पंचनामा पक्का. पूर्ण स्वतंत्र असा पंच मिळत नाही. यंत्र तेच, प्रोसेसर तोच, खोलीही त्याच घरातली. पण संशय ज्याच्यावर येऊ शकेल, त्याच्या हातून निदान कागद तरी लिहून घ्यायचा नाही, एवढे पाळता येते. ज्या कक्षात डंप येत नाही, तिथे मी आता कन्सोलची तार मागतो आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारतो: या कोसळण्याबद्दल सध्या कुणाकडून खुलासा मागितला आहे?